भीतीची वही आणि तवक्कुल

कोलाडच्या नाक्यावरून मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे आमच्या जमातीत वाहन चालवून पोट भरणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक गृहस्थ, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, एके रात्री इशाची नमाज आटोपून मंडळी घरी गेली तरी खांबाला टेकून बसून राहिले. हातात एक लांबट वही होती. चालक मंडळी डिझेल, किलोमीटर आणि टोलचा हिशेब ठेवतात तसली. जवळ येऊन म्हणाले, "मौलाना, एक मसला विचारायचा आहे. ही वही ठेवणे जाइज आहे का?"

हिशेबाची वही ठेवणे नाजाइज कशाला असेल, असे मी हसून म्हटले. त्यांनी ती उलटी केली. मागच्या पानांवर निराळाच हिशेब होता. तारीख, वेळ, ठिकाण. त्यापुढे 'छाती धडधड', 'बोटांना मुंग्या', 'श्वास पुरत नाही', 'आता मरतो'. त्यापुढे शून्य ते दहा यांमधला एक आकडा. आणि शेवटच्या रकान्यात किती मिनिटे टिकले ते. रोह्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना हे लिहायला सांगितले होते. हृदयाची तपासणी झाली होती, रक्त तपासले होते, त्यात दोष निघाला नव्हता. घबराटीचे झटके आहेत, असे डॉक्टरांचे म्हणणे. गृहस्थांना त्याविषयी शंका नव्हती. त्यांची शंका दुसरीच होती. ते म्हणाले, "मी अल्लाहवर भरवसा ठेवणारा माणूस. मग स्वतःच्या छातीचे ठोके लिहीत बसणे म्हणजे तवक्कुल सोडणे नाही का? ही अल्लाहविरुद्ध तक्रारीची वही तर होत नाही ना?"

(हा मजकूर त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न त्यांच्या मनात मीच पेरला होता, हे प्रथम कबूल केले पाहिजे. त्याआधी काही महिन्यांपूर्वी ते माझ्याकडे आले होते आणि नमाजेत सजद्यात असताना जीव गुदमरतो, उठून पळावेसे वाटते, असे सांगत होते. मी तेव्हा घाईत होतो. अल्लाहच्या स्मरणाने अंतःकरणांना शांती लाभते, असे कुरआनचे आश्वासन आहे. तेव्हा जिकिर वाढवा, मन लागत नसेल तर ईमानात कोठे कमतरता आहे ते पाहा, असे सांगून मी त्यांना वाटेला लावले. त्यांनी जिकिर वाढविला. झटके थांबले नाहीत. मग त्यांनी जो निष्कर्ष काढला तो माझ्याच शब्दांतून निघत होता: शांती मिळत नाही, म्हणजे अल्लाहने मला दूर लोटले आहे. त्यानंतर जुमा सोडल्यास ते मशिदीत दिसेनासे झाले. एका दुखण्याला मी दुसरे दुखणे जोडून दिले होते.

शांतीचे ते आश्वासन खरे आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. परंतु त्याचा अर्थ 'ज्याला भीती वाटते त्याच्या अंतरी अल्लाह नाही' असा करणे ही माझी चूक होती, आणि ती आपल्या घराघरांत होते. सूरह अल-कसस उघडून पाहावे. मूसा (अलै.) यांच्या आईला अल्लाहने कळविले होते की बाळाला नदीत सोड, भिऊ नकोस, दुःख करू नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू. याहून मोठी हमी कोणाला मिळाली आहे? तरीही पेटी पाण्यावर गेली आणि त्या माऊलीचे अंतःकरण रिते झाले. सारे गुपित तिच्या तोंडून फुटण्याच्या बेतात होते. अल्लाहने तिचे मन सावरून धरले म्हणून ते राहिले. कुरआनने हे सांगितले, पण तिला दोष दिलेला नाही. पुढे त्याच मूसा (अलै.) यांना जादूगारांच्या दोऱ्या हलताना भासल्या तेव्हा मनातल्या मनात भय वाटले, हेही सूरह ता-हामध्ये नोंदलेले आहे. तेथेही 'तू भितोस कसा' असा जाब नाही. भिऊ नकोस, असा धीर आहे. आपल्या आदरणीय प्रेषितांनी (स.) चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागण्याची दुआ आपल्याला शिकविली. जे ईमानवाल्याला शिवतच नाही, त्यापासून आश्रय कशाला मागायचा?

धडधडणारे हृदय हे कृत्य नव्हे. शरीअतमध्ये जबाबदारी येते ती कृत्याची. मनात आपसूक उमटणाऱ्या गोष्टी, जोवर त्या बोलून वा करून दाखविल्या जात नाहीत तोवर, या उम्मतीला माफ आहेत, असे हदीसमध्ये आलेले आहे. मग छातीच्या ठोक्यांना पापांच्या रकान्यात कोण लिहिणार? घबराटीचा झटका म्हणजे तरी काय? संकटातून पळता यावे, झुंजता यावे म्हणून निर्मात्याने देहात ठेवलेली एक व्यवस्था संकट नसताना जागी होते. ठोके वाढतात, श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. माणूस या खुणा वाचून 'मरतो' असा अर्थ लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, आणि भीतीने खुणा वाढतात. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने झटक्याचा हा फेरा नेमकेपणाने मांडला. डॉक्टर वही लिहायला सांगतात ते या फेऱ्यात कोठेतरी खुंटी मारण्यासाठी.

आता मूळ प्रश्न. भीती वाटणे गुन्हा नाही हे मानले, तरी तिची नोंद ठेवणे हा अविश्वास आहे का? याचेही उत्तर मला मूसांच्या आईच्याच गोष्टीत सापडले, आणि दहा वेळा तो सूरह पढूनही पूर्वी तिकडे लक्ष गेले नव्हते याची लाज वाटली. रित्या अंतःकरणाच्या त्या क्षणानंतर ती काय करते? मुलीला म्हणते की त्याच्या मागोमाग जा. बहीण काठाने जाते, कोणाला कळू न देता दुरून पाहत राहते. अल्लाहची हमी हाती असलेल्या आईने पेटीवर नजर ठेवली! आणि त्या नजर ठेवण्यातूनच परतीची वाट निघाली, कारण बाळ कोणत्याच दाईचे दूध घेईना तेव्हा तेथे हजर असलेल्या बहिणीनेच आईच्या घराचा पत्ता सुचविला. पाहणे हे भरवशाच्या आड आले नाही. मात्र ती पाण्यात उतरली नाही. पेटीला कवटाळून बसली नाही. दुरून पाहिले.

वही लिहिण्याची रीत हीच असायला हवी. झटक्याच्या मधोमध बसलेला माणूस बुडत असतो. तोच 'संध्याकाळी ५.४०, पुलाच्या अलीकडे, ८' असे लिहितो तेव्हा दोन पावले काठावर येतो.

आमच्या गृहस्थांच्या वहीने काय दाखविले ते सांगतो. 'कधीही येते, कुठेही येते' असे ते म्हणत. दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या दिव्याखाली बसून वाचल्या. अकरापैकी सात पुलावर किंवा पुलाआधीच्या रांगेत. दोन उपाशीपोटी चारचार कप चहा झाल्यावर. दोन मशिदीत, पहिल्या सफमध्ये, जेथून बाहेर पडायला वाट नसते. मी विचारले, पुलाचे काय? बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले की २ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी ते चिपळूणहून येताना महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल ओलांडून आले होते. त्याच रात्री तो ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने माणसांसकट वाहून गेली. सकाळी घरच्यांनी टी.व्ही. लावला तेव्हा यांनी शुकराना पढला आणि त्याच दिवशी पुन्हा गाडी काढली. नवा पूल पुढच्या पावसाळ्यापर्यंत उभा राहिला, त्यावरूनही शेकडो वेळा गेले. "मला वाटलं, विसरलो," एवढेच ते म्हणाले.

हे वहीने केले. मी केले नव्हते, आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या सल्ल्याने हे कधी बाहेर आलेही नसते.

आणखी एक गोष्ट त्या रकान्यांत होती. 'काय होईल असे वाटले' यापुढे अकरा वेळा एकच शब्द: 'मरण'. 'काय झाले' यापुढे अकरा वेळा: 'काही नाही'. एकही झटका वीस मिनिटांपलीकडे टिकला नव्हता. फिक्हचा एक नियम मदरशाच्या पहिल्या इयत्तांत आम्ही घोकला आहे: यकीन शंकेने रद्द होत नाही. नमाजेत वुजू मोडल्याचा नुसता भास झाला तर आवाज किंवा वास यांसारखी खात्रीची खूण मिळेपर्यंत नमाज सोडू नये, असे जे प्रेषितांनी (स.) सांगितले, त्यावर हा नियम उभा आहे. मी त्यांना म्हटले, "चाचा, अकरा वेळचे 'काही नाही' हे तुमचे यकीन. बाराव्या वेळचे 'आता मरतो' ही शंका. शंकेने यकीन मोडत नाही." ते प्रथमच हसले.

आपल्या परंपरेला हा मार्ग परका नाही. नवव्या शतकात बल्खच्या परिसरात जन्मलेले अबू जैद अल-बल्खी यांनी 'मसालिह-उल-अब्दान वल-अन्फुस' हा ग्रंथ लिहिला, त्यात देहाच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यालाही जागा दिली आणि क्रोध, शोक, भय व वसवसा यांचा निरनिराळा विचार केला. त्यांचा एक सल्ला मला फार उपयोगी वाटतो: माणूस अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी औषधे घरात आधी आणून ठेवतो, तसे मन स्वस्थ असताना धीराचे विचार जमवून ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी हाताशी येतात. वहीतले ते अकरा 'काही नाही' म्हणजे अशीच आणून ठेवलेली पुडी नव्हे काय? आणि इमाम गज्जाली (रह.)? तवक्कुलवर त्यांच्याहून सखोल कोण लिहील? हिजरी ४८८ मध्ये, म्हणजे इसवी सन १०९५ मध्ये, बगदादच्या निजामियात शिकवीत असताना त्यांची जीभ जड झाली, शिकविता येईना, घास उतरेना. वैद्यांनी सांगितले की दुखण्याचे मूळ अंतःकरणात आहे. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतः ते लिहून ठेवले. आपल्या लक्षणांची नोंद करण्यात त्या इमामाला कमीपणा वाटला नाही. मी मात्र एका रमजानमध्ये तरावीह पढविताना श्वास अडकून, तोंडपाठ आयत पुसली जाऊन घामाने थबथबलो होतो, ते या ओळी लिहीपर्यंत पत्नीखेरीज कोणाला सांगितले नव्हते.

गोष्ट येथे संपली असती तर वहीची स्तुती करून लेख पुरा करता आला असता. पण तीन-चार महिन्यांनी चाचा पुन्हा आले ते सुकलेले. मुलाने कौतुकाने मनगटावर बांधायचे ते नवे घड्याळ आणून दिले होते, ज्यावर नाडीचे ठोके दिसतात. आता ते दर काही मिनिटांनी मनगट पाहत. सुकेळी खिंडीच्या चढावर पाहत, जेवताना पाहत, रुकूत गेल्यावर बाही सरकवून पाहत. ठोके ८८ दिसले की 'का वाढले' म्हणून भीती, भीतीने ११०, आणि ११० ची नोंद. वहीची पाने एका दिवसात भरत होती. झटके कमी झाले होते ते पुन्हा वाढले.

मराठीत 'काळजी घेणे' आणि 'काळजी करणे' असे दोन प्रयोग आहेत. शब्द एकच, क्रियापद बदलले की माणूस बदलतो. घेतलेली काळजी हाताला काम देते. केलेली काळजी हाताचे काम काढून घेते. चाचांची वही या दोन क्रियापदांमधली रेघ ओलांडून गेली होती, आणि ओलांडताना कळले नव्हते. ज्याला वुजूचा वसवसा असतो तोही पाणी चांगल्या हेतूनेच घेतो. पहिल्यांदा धुतो ते तहारतसाठी, दहाव्यांदा धुतो ते भीतीसाठी. उलेमांनी अशा माणसाला 'आणखी नीट धू' असे कधी सांगितले नाही. तीनवर थांब, मन काहीही म्हणो, असे सांगितले. आधी ऊंट बांध आणि मग भरवसा ठेव, ही हदीस आपण सगळेच सांगतो. तिचा पहिला अर्धा भाग आळशी माणसासाठी आहे, तर दुसरा अर्धा भाग चाचांसारख्यांसाठी. रात्रभर दहादा उठून गाठ चाचपणाऱ्या मुसाफिराने ऊंट बांधला खरा, भरवसा मात्र ठेवला नाही.

मग नोंद आणि वसवसा यांत फरक कसा ओळखायचा? मला जे उमगले ते असे की मुहासबाला वेळ असते. इमाम गज्जाली यांनी स्वतःच्या नफ्सचा हिशेब घेण्याला व्यापाऱ्याची उपमा दिली आहे: भागीदाराशी अटी ठरवाव्या, दिवसभर नजर ठेवावी आणि दिवस सरल्यावर हिशेबाला बसावे. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर दुकान बंद करून नफा मोजणारा दुकानदार धंदा करीलच कधी? दुसरे म्हणजे, नोंद नव्याच्या शोधात असते. वसवसा मिळालेलेच उत्तर पुन्हा मागतो. अकरा नोंदींतून पूल सापडला. पुढच्या तीनशे नोंदींतून काहीच सापडले नाही, कारण त्या शोधण्यासाठी नव्हत्याच. त्या खातरजमेसाठी होत्या, आणि खातरजमेची भूक खातरजमेने भागत नाही. डॉक्टरांचेही म्हणणे हेच पडले: घड्याळ कपाटात, वही दिवसातून एकदाच रात्री, आणि आठवड्याने एकदा वाचायची. चाचांनी इशानंतरची वेळ धरली. तिसऱ्या आठवड्यात काही पाने कोरी राहिली तेव्हा 'लिहायला विसरलो' म्हणून ते माफी मागू लागले. मी म्हटले, विसरलात हीच तर खुशखबर.

घरच्यांविषयी थोडे लिहिले पाहिजे. चाचांच्या आईने नजर उतरविली, एका बाबाकडे नेले, गंडा बांधला. त्या म्हातारीला मी बोल लावणार नाही. तिने जे ठाऊक होते ते केले. पण आपल्याला याहून उत्तम नमुना ठाऊक असायला हवा. पहिल्या वह्यीनंतर प्रेषित (स.) थरथरत घरी आले आणि मला पांघरूण घाला, असे म्हणाले. (त्या महान अनुभवाची आपल्या व्याधींशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करीत नाही, मी उम्मुल मोमिनीन खदीजा (रजि.) यांच्या वागण्याकडे पाहतो आहे.) त्यांनी प्रथम पांघरूण घातले. काय झाले, कसे झाले, असे भंडावले नाही. भीती ओसरल्यावर ऐकून घेतले. मग धीर दिला तो पोकळ शब्दांनी नव्हे. तुम्ही नाती जोडता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्यांचा सत्कार करता, अल्लाह तुम्हाला कधी अपमानित करणार नाही, अशा आशयाचे, घडलेल्या गोष्टींची साक्ष देणारे बोल त्या बोलल्या. आणि त्यानंतर जाणकार असलेल्या चुलतभावाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे त्यांना घेऊन गेल्या. चादर, साक्ष, जाणकार. आपण नेमके उलटे करतो: आधी उपदेश, मग संशय, आणि जाणकाराकडे सर्वांत शेवटी, तेही लपूनछपून.

स्त्रियांचे तर याहून कठीण. आपल्या कोकणात कित्येक घरांतले कर्ते पुरुष आखातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांच्या डोक्यावरचे पत्रे उडाले त्या बहिणींपैकी काही जणी आजही वाऱ्याने दार आपटले की मुलांना पोटाशी धरून बसतात, आणि फोनवर नवऱ्याला 'सगळं ठीक' म्हणून सांगतात. त्यांच्या हाती वही कोण देणार? आणि दिली तर ती सासरी कोणी उघडून वाचणार नाही याची शाश्वती काय? दुसऱ्याच्या छिद्रांचा शोध घेणे कुरआनने निषिद्ध केले आहे. आजाऱ्याची वही ही अमानत आहे, तिला न विचारता हात लावणे हाही तजस्सुसच. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारने २०२२ पासून टेलिमानस ही सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखू लागले तर वही नको, फोन नको, थेट दवाखाना. घबराट आहे की हृदयविकार, हे ठरविणे आपले काम नाही आणि इमामाचे तर मुळीच नाही.

चाचांचा एक मसला मात्र माझ्याच अखत्यारीतला होता. पहिल्या सफची फजीलत ते जाणून होते आणि वर्षानुवर्षे तेथेच उभे राहत आले होते; पण मध्ये उभे राहिले की वाट बंद झाल्यासारखे होई. शेवटच्या सफमध्ये दाराशी उभे राहिलो तर सवाब जाईल का, असे त्यांनी विचारले. जमातीतल्या एका बुजुर्गांनी तोवर कुरकूर केलीच होती की धडधाकट माणूस मागे का राहतो, पुढच्या रांगेत जागा का भरत नाही. मी सांगितले की आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत देणाऱ्या दीनमध्ये दाराजवळच्या जागेची सवलत मोठी नाही; उजर माझ्या कानावर आहे, तेवढे पुरे, कोणी चौकशी करू नये. नियतीत पहिली सफ असू द्या, म्हटले.

आता ते नेमाने येतात. मध्यंतरी एका निकाहसाठी मला महाडला त्यांनीच नेले. पाऊस होता, सावित्रीचे पाणी तांबडे झाले होते. पुलाआधी त्यांनी काच थोडी खाली केली, बिस्मिल्लाह म्हटले आणि गाडी पुढे घेतली. मी काही बोललो नाही. पलीकडे गेल्यावर म्हणाले, "सहा." शून्य ते दहातले सहा.

गेल्या महिन्यापासून दाराजवळच्या त्या सफमध्ये आणखी दोघे उभे राहू लागले आहेत, दोघेही तरुण, एक धाटावच्या कारखान्यात कामाला जाणारा. ते तेथे का उभे राहतात, हे मी त्यांना विचारलेले नाही. सलाम फिरविल्यावर थोडा वेळ मिंबराजवळ बसून राहतो, एवढेच.